सर्वात चांगली तरुण फुटबॉल पिढी कोणाकडे? माझं मत फ्रान्सला

कर्वेनगरचा लेफ्ट बॅक

रविवारी सकाळचा खेळ आटोपून चहाला थांबलो तेव्हा हा वाद पेटला आणि अर्धवटच राहिला. दोघांना मुलांना क्लासला सोडायचं होतं. म्हणून इथे नीट मांडतो. आज विशीच्या आतबाहेर असलेली पोरं बघितली, तर कोणता देश सगळ्यात पुढे आहे?

आमच्यातले बहुतेक जण स्पेन म्हणाले. लामिन यामालचं नाव निघालं की पुढे कुणी बोलतच नाही. यामाल विलक्षण आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. पण मी देशाबद्दल विचारतोय, एका मुलाबद्दल नाही.

माझं उत्तर फ्रान्स. ३१ मे २०२५ ची रात्र आठवा. म्युनिकला चॅम्पियन्स लीगची फायनल, आपल्याकडे साडेबारा वाजलेले. पॅरिसच्या पीएसजी क्लबने इटलीच्या इंटरला ५-० असं झोपवलं. देझिरे दुएने दोन गोल केले आणि एकाला पास दिला, वय १९. पाचवा गोल सेनी मायुलूचा, त्याचंही वय १९. वॉरेन झाईर-एमेरी त्याच संघातला, तोही १९. युरोपातली सगळ्यात मोठी फायनल आणि तिथे ही पोरं बिनधास्त खेळतायत.

शिवाय फ्रान्सची ताकद त्यांच्या निळ्या जर्सीत मावतच नाही. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये सेनेगल, ट्युनिशिया, मोरोक्को, कॅमेरून या संघांत फ्रान्समध्ये जन्मलेली मुलं होती. स्वतःचा संघ भरून उरलेले खेळाडू हा देश दुसऱ्यांना पुरवतो. पॅरिसच्या उपनगरातलं बोंदी घ्या. एम्बापे तिथला, विल्यम सलिबा तिथला, आणि लहानग्या सलिबाला शिकवलं ते एम्बापेच्या वडिलांनी.

हे काही आपोआप होत नाही. क्लेरफोंतेनचं राष्ट्रीय केंद्र १९८८ पासून आहे. पॅरिस भागातली तेरा ते पंधरा वयाची निवडक मुलं सोमवार ते शुक्रवार तिथे राहतात, शाळा करतात, रोज सराव करतात, आणि शनिवार-रविवारी घरी जाऊन आपापल्या मूळ क्लबकडून खेळतात. मला यातली ही शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. मुलगा निवडला गेला म्हणून गल्लीतला क्लब त्याला मुकत नाही. अशी केंद्रं फ्रान्सच्या इतर भागांतही आहेत. फ्रान्सचा कामाविंगा अंगोलातल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मला, फुजेरसारख्या छोट्या गावात वाढला आणि तरी रेन या फ्रेंच क्लबच्या अकादमीपर्यंत पोचला. दुएही रेनचाच.

मत द्या, पण नावानिशी आणि कारणासकट द्या.

रोंडो

दादा, कारणासकटच देतो. स्पेन.

२०२४ चा एकच उन्हाळा घ्या. युरोची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या कपची सेमीफायनल, समोर तुमचा फ्रान्स, ०-१ ने मागे. यामालने पेटीच्या बाहेरून चेंडू असा वळवला की तो पोस्टला लागून आत गेला. वय १६ वर्षं ३६२ दिवस. स्पेन २-१. त्याच महिन्यात अंडर-१९ युरोची फायनल, समोर पुन्हा फ्रान्स, स्पेन २-०. ऑगस्टमध्ये ऑलिम्पिकची फायनल, तीही पॅरिसमध्ये त्यांच्याच प्रेक्षकांसमोर, स्पेन ५-३. तीन वेगवेगळे संघ, एकच प्रतिस्पर्धी, तिन्ही वेळा निकाल एकच. याला एका मुलाची करामत कसं म्हणणार?

२१ वर्षांखालच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी कोपा ट्रॉफी बघा. २०२१ पेद्री, २०२२ गावी, २०२३ इंग्लंडचा बेलिंगहॅम, २०२४ यामाल, २०२५ परत यामाल. पाचपैकी चार.

आणि यामागे माणूस आहे. स्पेनचे कोच लुइस दे ला फुएंते यांनी २०१५ ला अंडर-१९ युरो जिंकून दिला, २०१९ ला अंडर-२१ चा, आणि २०२४ ला मोठ्यांचा. २०१५ च्या त्या संघात रॉद्री, मेरिनो, उनाई सिमोन होते. नऊ वर्षांनी तेच तिघं त्याच कोचबरोबर युरो जिंकले. पोरगा सतराव्या वर्षी ज्या पद्धतीने खेळतो त्याच पद्धतीने सत्ताविसाव्या वर्षी खेळतो. फ्रान्सकडे पोरं भरपूर आहेत, पण अशी सलगता दाखवा.

बाणेर थ्री लायन्स

लेफ्ट बॅक साहेब, तुमचा निकष मला मान्य आहे: जर्सी नको, मूल कुठे वाढलं ते बघा. मग तो सगळ्यांना सारखा लावा. मायकेल ओलिसे फ्रान्सकडून खेळतो. जन्म लंडनचा, वाढला लंडनमध्ये, शिकला इंग्लिश अकादम्यांत. जमाल मुसियाला जर्मनीचा म्हणता, तो लहानपणापासून चेल्सीच्या अकादमीत होता. हे दोघं इंग्लंडच्या खात्यात टाका.

मी तिकडे चार वर्षं नोकरीला होतो. आमच्या गल्लीच्या टोकाला मैदान होतं आणि शनिवारी सकाळी तिथे लहान मुलांचे एका वेळी सहा-सहा सामने चालायचे. २०१२ ला त्यांनी अकादम्यांची सगळी पद्धत बदलली. श्रेणी ठरल्या, कोचना पात्रता सक्तीची झाली, सरावाचे तास वाढले. पाचच वर्षांत फळ आलं, आणि ते आपल्याच देशात दिसलं. २८ ऑक्टोबर २०१७, कोलकाता, अंडर-१७ वर्ल्ड कपची फायनल. स्पेन २-० ने पुढे होता. शेवटी इंग्लंड ५-२. फोडेनचे दोन गोल. त्याच वर्षी अंडर-२० वर्ल्ड कपही इंग्लंडचाच. पुढे अंडर-२१ युरो २०२३ ला जिंकला आणि २०२५ ला पुन्हा जिंकला. २०२३ ला हरवलं ते स्पेनलाच. रोंडो, तुमच्या यादीत ही फायनल दिसली नाही.

आता मॅक्स डाउमन बघा. २०२५ मध्ये आर्सेनलकडून चॅम्पियन्स लीगमध्ये उतरला तेव्हा अजून सोळाचाही नव्हता.

रोंडो

२०२३ ची फायनल मान्य. शेवटच्या क्षणी पेनल्टी मिळाली होती आणि त्यांच्या गोलीने अडवली. अजून सलते.

पण अंडर-१७ वरून फार काही ठरत नाही. त्याच २०१७ च्या वर्ल्ड कपची स्पेन-माली सेमीफायनल बघायला मी बाबांबरोबर नेरुळला गेलो होतो. आठवीत होतो. एक्सप्रेसवेवर घाटात अडकलो आणि राष्ट्रगीत चुकलं. मालीची पोरं ताकदीने, वेगाने स्पेनच्या वर होती. लांबून मारलेला एक चेंडू दांडीला लागून रेषेच्या आत पडला, तरी रेफरीने गोल दिला नाही. अख्खं स्टेडियम मालीच्या बाजूने ओरडत होतं, मीही. स्पेन ३-१ ने जिंकला. त्या दिवशी तिसरा गोल करणारा फेरान तोरेस पुढे बार्सिलोनापर्यंत पोचला. मालीची जी पोरं मला त्या दिवशी जास्त आवडली होती, त्यांच्यातल्या बहुतेकांचं नाव पुढे कानावर आलं नाही. गुणवत्ता कमी नव्हती. पुढची शिडी नव्हती. स्पेनमध्ये ती आहे, म्हणून मी स्पेन म्हणतो.

खडकी मैदान ७८

मुलांनो, तुम्ही सगळे युरोपात फिरताय. चेंडूवर प्रेम कुठे आहे ते कुणी बोलेना.

मी १९८६ ला दूरदर्शनवर ब्राझीलला हरताना पाहिलं, फ्रान्सकडूनच, पेनल्टीवर. तरी दुसऱ्या दिवशी मैदानावर आम्ही सगळे ब्राझीलच होतो. त्यांचं पोरगं आधी लहान कोर्टवर, जड चेंडूवर पाच-पाच जणांचा फुटसाल खेळतं. जागा कमी, वेळ कमी, त्यामुळे पाय आपोआप हुशार होतात. नेमार तिथूनच आला.

एंड्रिकने वेम्बलीवर इंग्लंडला गोल मारला तेव्हा १७ वर्षांचा होता, आणि सामना १-० असा त्याच गोलावर सुटला. एस्तेवाव चेल्सीने आधीच विकत घेतला होता, तरी २०२५ च्या क्लब वर्ल्ड कपमध्ये त्याने ब्राझीलच्या पाल्मेरास क्लबकडून चेल्सीलाच गोल मारला. अठरा पूर्ण झाल्याशिवाय मुलाला सहसा परदेशी क्लबात नेता येत नाही असा फिफाचा नियम आहे. म्हणून युरोपवाले सोळाव्या-सतराव्या वर्षीच करार करून ठेवतात आणि वाढदिवसाची वाट बघतात. विनिसियससाठी रेआल माद्रिदने साडेचार कोटी युरो मोजले तेव्हा तो सोळाचा होता. जगातले सगळ्यात श्रीमंत क्लब ज्या दारात रांग लावतात, तिथला माल उत्तम असणारच.

वानवडी वेस्ट

काका, आदर ठेवून सांगतो. २०२५ च्या अंडर-२० वर्ल्ड कपमध्ये ब्राझील आपल्या गटात शेवटून पहिला आला. तीन सामन्यांत एक गुण. पॅरिस ऑलिम्पिकला तर पात्रच ठरला नाही.

आणि तो अंडर-२० वर्ल्ड कप कुणी जिंकला याचा उल्लेखही इथे अजून नाही. मोरोक्को. गटात स्पेनला २-० हरवलं, ब्राझीलला २-१ हरवलं. सेमीफायनलला फ्रान्सला पेनल्टीवर, आणि फायनलला अर्जेंटिनाला २-०. वर ज्यांची ज्यांची नावं घेतलीत त्यातल्या तिघांना एकाच स्पर्धेत पाणी पाजलं, वर सहा वेळा जिंकलेल्या अर्जेंटिनालाही. त्याच वर्षी आफ्रिकेचा अंडर-१७ कप त्यांचा. आधीच्या वर्षी ऑलिम्पिकचं ब्राँझ. २०२२ ला मोठ्यांच्या वर्ल्ड कपची सेमीफायनल.

राबातजवळ सालेला मोहम्मद सहावे अकादमी आहे, २०१० च्या आसपास सुरू झालेली. २०२२ ला पोर्तुगालविरुद्ध हेडर मारून मोरोक्कोला सेमीफायनलला नेणारा एन-नेसिरी तिथला. ऊनाही तिथला, अगर्द तिथला. पंधरा वर्षांत एवढं उभं केलं. लेफ्ट बॅक साहेब ‘फ्रान्स पुरवतो’ म्हणतात तेव्हा मोरोक्कोने स्वतः काय केलं ते झाकलं जातं, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

कर्वेनगरचा लेफ्ट बॅक

वानवडी, झाकायचा हेतू नव्हता. सालेचं काम मोठं आहे, आणि फायनलचे दोन्ही गोल मारणारा यासिर झबिरी मोरोक्कोतच घडला. पण स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला ओथमान मामा फ्रान्समध्ये जन्मला, तिथेच शिकला. तेही तितकंच खरं.

आणि अंडर-२० वर्ल्ड कपसाठी खेळाडू सोडणं क्लबांवर बंधनकारक नसतं. स्पेनचे यामाल, कुबार्सी, फ्रान्सचे दुए, झाईर-एमेरी, ब्राझीलचा एस्तेवाव, अर्जेंटिनाचा मास्तांतुओनो हे सगळे वयाने बसत होते आणि एकही तिथे नव्हता. त्यामुळे त्या कपावरून देशांची उतरंड लावणं मला जमत नाही. मोरोक्कोची पोरं समोर जे आले त्यांच्याशी जिंकली, त्यांचं कौतुक पूर्ण आहे.

ओलिसे इंग्लंडच्या खात्यात, दिला. निकष माझाच आहे, तो माझ्याविरुद्ध गेला तरी पाळायला हवा.

खडकी मैदान ७८

वानवडी, तुझं म्हणणं बरोबर आहे, ऑक्टोबरची ती हार मलाही लागली. पण त्याच वर्षी जानेवारीत काय झालं तेही सांग. दक्षिण अमेरिकेच्या अंडर-२० स्पर्धेत याच ब्राझीलला अर्जेंटिनाने पहिल्याच सामन्यात ६-० हरवलं. सहा! आणि शेवटी ती स्पर्धा ब्राझीलनेच जिंकली. अठरा-एकोणीसची पोरं अशीच असतात. आम्ही जिल्हा लीगमध्ये एकदा पाच खाल्ले आणि पुढच्या आठवड्यात त्याच वरच्या संघाला बरोबरीत रोखलं. एका महिन्यावरून पोरांचं मोजमाप करू नये.

पाषाण ०-०

उरुग्वे. लोकसंख्या साधारण ३५ लाख. आपला पुणे जिल्हा २०११ च्या जनगणनेत ९४ लाख होता. २०२३ चा अंडर-२० वर्ल्ड कप उरुग्वेचा. डोक्यामागे हिशोब केला तर बाकी कुणी जवळपासही येत नाही.

पेठेतला गोली

मी कोल्हापूरचा, नोकरीला पुण्यात. सगळे देशाचं बोलायलाय, मी गावाचं बोलतो.

यामाल गोल केल्यावर बोटांनी ३०४ दाखवतो. तो त्याच्या वस्तीच्या पिनकोडचा शेवट हाय, मातारोतल्या रोकाफोंडाचा. वडील मोरोक्कोचे, आई इक्वेटोरियल गिनीची, वस्ती कष्टकऱ्यांची. एम्बापे बोंदीचा. म्हणजे पोरगं देशात घडत न्हाई, ते पेठेत घडतं, आणि पेठेला ते आपलं वाटायला लागतं.

हे आमच्यात कुणाला समजवायला लागत न्हाई. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी, ही आमच्या पेठांतली तालीम-मंडळं, त्यांचे फुटबॉल संघ. पोरगं चालायला लागलं की तालमीच्या रंगाची जर्सी अंगावर. शाहू स्टेडियमवर लीगचा सामना असला की दुकानं लवकर बंद करून माणसं येतात. आज्जी खेळाडूला नावानं ओळखते. असलं प्रेम रोकाफोंडात तरी असंल का सांगा.

तरी २०१७ ला भारताच्या अंडर-१७ संघात आमचा अनिकेत जाधव खेळला, तो घर सोडून लहानपणीच तुमच्या पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आला म्हणून. पेठेनं जीव लावला, पण रोजचा सराव, खाणं, कोच ह्यासाठी पोराला गाव सोडायला लागलं. लेफ्ट बॅक, तुम्ही ते सोमवार ते शुक्रवारचं लिवलंय ना, ते वाचून मी थांबलो. पोरानं पाच दिवस तिथं शिकायचं आणि रविवारी आपल्या तालमीकडनं खेळायचं. असं झालं असतं तर कोल्हापूरनं किती दिले असते. माझं मत त्या एका गोष्टीसाठी फ्रान्सला.

बारा वर्षांखालचे

मी सिंहगड रस्त्याच्या बाजूला मुलामुलींना शिकवते, सहा ते बारा वयोगट. तुम्ही सगळे एकोणिसाव्या वर्षी मोजताय. मी नवव्या वर्षी मोजते, म्हणून माझं उत्तर वेगळं आहे.

मागच्या हिवाळ्यात आम्ही दहा वर्षांखालच्या मुलांना घेऊन एका स्पर्धेला गेलो. मोठं मैदान, मोठे गोल, अकरा-अकरा जण. आमचा राइट विंगर, साडेआठ वर्षांचा, पहिल्या हाफमध्ये चेंडूला किती वेळा शिवला हे मी बाहेर बसून मोजलं. चार वेळा. त्यातले दोन थ्रो-इन. त्याचे वडील कडेने ओरडत होते, ‘पळ, पळ.’ तो पळतच होता.

बेल्जियमने हेच ओळखलं. २००० चा युरो त्यांच्याच घरी होता आणि ते गटातच बाद झाले. मग त्यांनी लहान मुलांचे सामने लहान केले. आधी पाच-पाच, मग आठ-आठ, आणि शेवटी अकरा. सगळ्यात लहान गटांचे गुणतक्ते बंद केले. २०१८ ला वर्ल्ड कपमध्ये तिसरे आले. नॉर्वेत तर अकरा वर्षांच्या आतल्या मुलांची क्रमवारी लावायलाच मनाई आहे. ५५ लाखांच्या आसपास लोकवस्ती, आणि हालांड, ओडेगार्ड एकाच पिढीत. माझं मत नॉर्वेला.

दुसरं, वय. युरोपातल्या अकादम्यांतसुद्धा जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुलं जास्त निवडली जातात, कारण दहाव्या वर्षी दहा महिन्यांचा फरक अंगावर दिसतो. आपल्याकडे त्यावर खोट्या जन्मदाखल्यांची भर. अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये २००९ पासून वय तपासायला मनगटाचं एमआरआय करतात. आमच्या मैदानावर कोण करणार? मिशी फुटलेला मुलगा बारा वर्षांखालच्या गटात समोर येतो आणि माझी मुलगी, जी त्याच्यापेक्षा छान पास देते, तीन सामन्यांनंतर येणंच बंद करते. अशी दोन मुलं गेल्या वर्षभरात माझ्याकडून गेली.

रोंडो, तुमच्या शिडीबद्दलही बोलायचं आहे. पेद्री २०२०-२१ च्या हंगामात क्लब आणि देश मिळून ७३ सामने खेळला. अठराचा मुलगा! आन्सू फाती सोळाव्या वर्षी बार्सिलोनाकडून गोल मारत होता, अठराव्या वर्षी गुडघा गेला आणि तो पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. गावीचा गुडघा एकोणिसाव्या वर्षी. इतक्या लवकर वर चढवलेल्या मुलांची काळजी कोण घेतं, हेही गुणवत्तेच्या हिशोबात धरा.

रोंडो

ताई, फातीबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. मी त्याची जर्सी घेतली होती.

पण तुमचं पहिलं म्हणणं स्पेनच्या बाजूचं आहे. तिथे बारा वर्षांपर्यंतची मुलं सात-सात जणांचं फुटबॉल खेळतात, मोठं मैदान त्यानंतर. यामाल, कुबार्सी सगळे त्यातूनच आलेत. त्यामुळे नवव्या वर्षी मोजा नाहीतर एकोणिसाव्या, मी स्पेनच म्हणणार.

बाणेर थ्री लायन्स

इंग्लंडमध्येही लहान वयात पाच-पाच, सात-सात, पुढे नऊ-नऊ. मी वर सांगितलेले ते एकाच वेळचे सहा सामने म्हणजे तेच. ताई, तुम्ही मोजलेले ते चार स्पर्श डोक्यातून जात नाहीयेत. माझा मुलगा नऊचा आहे, तोही मोठ्या मैदानावर खेळतो आणि घरी आल्यावर ‘मला चेंडूच मिळाला नाही’ म्हणतो. मी त्याला आजवर ‘तू मागितला नाहीस’ असंच सांगत आलो.

कर्वेनगरचा लेफ्ट बॅक

माझं मत अजून फ्रान्सच. रोंडोने २०२४ च्या उन्हाळ्याचं जे दाखवलं ते खोडता येत नाही, आणि एकाच वयाचे अकरा उतरवायचे झाले तर आज स्पेनचा संघ जास्त जुळलेला असेल हेही मान्य. पण बोंदी, रेन, फुजेर अशा इतक्या ठिकाणांहून, इतक्या देशांना पुरतील एवढे खेळाडू दुसरं कुणी काढत नाही. ताई, नॉर्वेकडे हालांड आहे, पण त्याच्या मागून येणारी रांग फ्रान्सएवढी लांब नाही.

एक विचारतो. आमचा रविवारचा गट ज्या टर्फवर खेळतो तिथे सकाळी नऊनंतर तासभर जागा रिकामी असते. तिथे आडवी तीन छोटी मैदानं आखता येतील. पाच-पाच जण, गुणतक्ता नाही, दहा वर्षांखालची मुलं. भाडं आम्ही मोठे वाटून घेऊ. तुमची मुलं येतील का? कर्वेनगरहून पूल ओलांडला की तुमच्याकडून फार लांब नाही.

बारा वर्षांखालचे

येतील. चोवीस आहेत, त्यातल्या नऊ मुली. एक अट: पालक जाळीच्या बाहेर बसतील आणि पहिले तीन रविवार कुणी ओरडणार नाही. चेंडू चार नंबरचे लागतील, माझ्याकडे सहाच आहेत.

पेठेतला गोली

ताई, चार मी आणतो. गोलीला शिकवायला कोण हाय?